मुद्दाम सोडलेला कोपरा

नणंदेच्या नव्या घरात पाऊल टाकताच तिने सवयीने आधी काचेच्या टेबलाच्या कडा, उघडे प्लग आणि बाल्कनीचे गज बघून घेतले. चार वर्षांची लेक, चिमी, कशात हात घालेल याचा नेम नव्हता. मग नजर सोफ्यामागच्या भिंतीवर गेली आणि तिथेच थिजली.

काचेमागे तिचंच चित्र होतं. म्हणजे चित्राची छापील प्रत. तेच विटकरी फटकारे, तेच काळे ओघळ. फक्त जागा रुंद म्हणून उभं चित्र आडवं टांगलेलं, त्यामुळे ओघळ खाली न उतरता भिंतीवरून रांगत निघाले होते. आणि तो पांढरा कोपरा. तिथवर ब्रश पोचायच्या आतच तिला कळा सुरू झाल्या होत्या. चिमी शाळेत जायला लागली की सगळ्यात आधी तेच पुरं करायचं, असं ती तेव्हापासून स्वतःला बजावत आली होती. कॅनव्हास माळ्यावर गुंडाळून ठेवलाय, या भरवशावर.

हेच चित्र घरात होतं तेव्हा, भिंतीला ओल आल्यासारखं दिसतं म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. आता त्या लेकीच्या हॉलला कशी शोभा आलीय म्हणत होत्या. ओळखलं नव्हतंच. नणंद सांगत होती, दादाच्याच मित्राच्या दुकानातून घेतलं, बड्या चित्रकाराचं आहे, नाव तेवढं तोंडात बसत नाही.

"आत्या, इथे रंगवायचं राहिलंय," चिमी म्हणाली.

सगळे हसले. नणंद म्हणाली, "राहिलं नाही गं वेडाबाई, मुद्दाम सोडलंय. डोळ्यांना विसावा म्हणून. असली चित्रं कळायला डोकं लागतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी बोलेल म्हणून थांबली. तो बशीतला बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत होता. माळ्यावर आता काय नसेल, ते तिला तेवढ्यावरूनच कळलं.

परत निघताना जिन्यात तिने विचारलंच. तो म्हणाला, धूळ खात पडलं होतं, मित्राला असलंच काहीतरी अ‍ॅबस्ट्रॅक्ट छापायला हवं होतं, दिलं. मूळ कॅनव्हास त्याने पुढे कुणाला दिला कोण जाणे. तुला सांगणार होतो, राहून गेलं.

"ते पुरं झालं नव्हतं."

"मग? कुणाला कळलं का?" त्याने चिमीला कडेवर घेतलं. "उलट तुला बरं वाटायला हवं. घरोघरी लागलंय."

चिमी टकामका बघत होती, म्हणून ती पुढे होऊन जिना उतरायला लागली.

घरी आल्यावर चिमीने कागदावर घर काढलं, लाल खडूने रंगवलं आणि एक कोपरा पांढरा ठेवून ऐटीत आईपुढे धरलं. "मुद्दाम सोडलंय."

"पुरं कर."

"पण आत्या म्हणाली..."

"आधी पुरं कर. अर्धं ठेवलेलं लोक उचलून नेतात."

आवाज चढला नव्हता, तरी चिमीने कागद मागे ओढला. मान खाली घालून ती खडू घासत राहिली, पार कागद फाटेपर्यंत. आई समोर बसून बघत होती. पुरे, असं काही तिच्या तोंडून निघालं नाही.