उंबऱ्यापर्यंत कलहंस

रायखाननं चहाची वाटी नवऱ्यापुढं अशी आदळली, की निम्मा चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानावरच सांडला. बेइसेननं सांडलेल्याकडं पाहिलं नाही. उरलेला त्यानं मुकाट्यानं ओठाला लावला. एवढ्या संसारात त्याला आणखी काही आलं नसलं, तरी कधी गप्प बसायचं ते बरोबर कळत होतं.

"आज व्याही-विहीण येत्यात. ठाऊक हाय न्हवं?"

"हाय की."

"लगीन झाल्यापास्नं लेकीचं सासू-सासरं पयल्यांदाच उंबरा चढनार. लग्नात ती उलबोसिन काय बोलली, त्ये बी ध्यानात आसंल."

बेइसेनच्या चांगलंच ध्यानात होतं. विहीणबाई चारचौघींच्या घोळक्यात म्हणाली होती, की घर शिकाऱ्याचं म्हणतात खरं, पण उशा पिसांच्या नाहीत, सगळ्या कापसाच्या दिसतात. बायका रुमालाआड हसल्या होत्या आणि रायखानला त्या रात्री ताप भरला होता.

"काल ढीगभर बदकं मारली म्हनत हुता. घरात काय आलं?"

"वाटंत म्हातारी बालशेकेर आपा भेटली."

"एक आपाला. बाकीची?"

"आपाच्या शेजारी तिची जाऊ बसलेली. म्होरं टपालवाला. मंग त्यो ट्रॅक्टरवाला थांबला..."

"आन् शेवटचं?"

बेइसेन वाटीत बघत राहिला. शेवटचं बदक त्यानं दवाखान्याच्या नर्सबाईला दिलं होतं, आणि ते सांगण्यापेक्षा वाटी चाटलेली बरी होती.

तसा दोष त्याचा नव्हता. कोगाली गावाची रीतच तशी होती. शिकार घेऊन येणाऱ्याला वाटेत जो गाठेल त्यानं म्हणायचं, 'तुझ्या खोगिराची वादी तेलकट राहो,' आणि पुढं एकच शब्द टाकायचा, 'सिरालगी'. तो शब्द कानावर पडला, की शिकाऱ्यानं हातातलं पाखरू काढून द्यायचं. नाही म्हणेल त्याच्या बंदुकीवरनं नशीब उठून जातं, असं आजेपणजे सांगत आलेले. बेइसेनपाशी घोडा नव्हता, खोगीर नव्हतं, मग वादी कुठली असायला. पण ती तेलकट राहावी म्हणून सारं गाव झटत होतं.

आणि त्यात भर होती मोइनाकची. लांब कानांचा, तपकिरी अंगाचा आणि पांढऱ्या मानेचा हा कुत्रा गावातल्या धिप्पाड मेंढकुत्र्यांच्या हिशेबी कुत्रा नव्हताच. पण पाण्यात पडलेलं पाखरू तो बोरूच्या बनातनं असं हुडकून आणायचा, की बघणाऱ्यानं बघत राहावं. खोड एकच. 'सिरालगी' हा शब्द ऐकून ऐकून तो इतका शहाणा झाला होता, की कुणी नुसता उच्चारला तरी मालकाच्या कमरेचं पाखरू ओढून काढायचा आणि बोलणाऱ्याच्या पायाशी नेऊन ठेवायचा. सारं गाव त्याचे कान कुरवाळायचं. दाराजवळनं गेला तरी कुणी ना कुणी हाड टाकायचं. बेइसेनला कधी कधी वाटे, की शिकारी हे कुत्रं आहे आणि आपण त्याची बंदूक वाहणारा गडी.

"ऐका आता," रायखान म्हणाली. "त्यो तोलेगेन मेंढपाळ आज येनार हाय. त्येला हे कुत्रं पायजे. राती कळपापाशी भुंकाया. बदल्यात गाभन मेंढी द्यायला तयार हाय."

बेइसेनच्या हातातली वाटी खाली आली.

"मोइनाक मेंढरापाशी? अगं, त्यो लांडग्याला बी उचलून त्येच्याच पायाशी नेऊन ठिवंल."

"ठिवू दे. म्या शबुद दिलाय. एकच वाट हाय. आज पाव्हन्याच्या आधी तुमच्या हातनं येक पाखरू ह्या उंबऱ्यातनं आत आलं पायजे. आलं, तर कुत्रं ऱ्हाईल. न्हाई आलं, तर तोलेगेन दावं घिऊनच बसलेला आसंल."

बेइसेन उठला. खुंटीवरच्या तिच्या जुन्या निळ्या रुमालाची एक चिंधी त्यानं टर्रकन फाडली आणि खिशात कोंबली. पाखरांचे पाय बांधायला त्याला दुसरं काही चालत नसे. रायखानला त्या रुमालाचंही दुःख होतं, पण आज ते बोलायला तिच्यापाशी जागा उरली नव्हती.

तळ्यावर वारा बोचरा होता. काठाच्या चिखलावर बर्फाची पातळ साय धरली होती आणि पाय टाकला की कुरकुरत फुटत होती. बेइसेननं आपली चपटी होडी बोरूत घातली. मोइनाक पुढच्या टोकाशी बसला, कान पाण्याला टेकतील असा वाकलेला. कुत्र्याला कसलीच फिकीर नव्हती. फिकीर करण्याचं काम त्यानं मालकावर सोपवलं होतं.

'तुला काय,' बेइसेन मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होता. 'तुझं दावं बदलंल. मी कुनाशी बोलू?' आणि ते खरंच होतं. गावात त्याला मान होता, पण तो वाट चालण्यापुरता. घरी बायको बोलायची, त्याला ऐकावं लागायचं. बोरूत तासन्‌तास बसल्यावर जे मनात येतं, ते ऐकायला ह्या लांब कानांखेरीज कुणी नव्हतं. कुत्रं गेलं, तर बंदूक खुंटीला राहील हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बदकं लांबून गेली. ऊन वर आलं तरी एक फिरकलं नाही. बेइसेननं मनाशी टपालवाल्यापासून नर्सबाईपर्यंत सगळ्यांना शिव्या मोजल्या, आणि तेवढ्यात डोक्यावर कर्कश ओरड झाली. कलहंसांची रांग खाली उतरत होती. त्यानं बिस्मिल्ला म्हणून बार काढला. एक जड करडा पक्षी रांगेतनं गळला आणि दूर बोरूच्या दाटीत धप्पकन पडला.

मोइनाक होडीतनं उडालाच. बोरू हलत राहिले, मग हलायचे थांबले. कुत्रं बाहेर आलं तेव्हा कलहंसाचा पंख त्याच्या डोक्यावरनं लोंबत होता आणि त्याला स्वतःला वाट दिसत नव्हती, तरी ते नीट होडीशी आलं. बेइसेननं पाखराच्या गळ्यावर सुरी फिरवून हलालची रीत पुरी केली, निळ्या चिंधीनं पाय बांधले आणि ओल्या कुत्र्याचं डोकं मांडीशी दाबून धरलं. त्याचे डोळे भरून आले. वाऱ्यानं, असं तो पुढं कुणी विचारलंच तर सांगणार होता.

आता सवाल वाटेचा होता. मोठ्या रस्त्यानं गेलं तर आपा ओट्यावर बसलेली असणार. म्हणून बेइसेन कालव्याच्या बांधानं निघाला. ती वाट कबरस्तानाच्या मागनं वळसा घेऊन थेट त्याच्या परसात उतरत होती, आणि गुरांच्या राखणदाराशिवाय तिकडं चिटपाखरू नसायचं. कलहंस त्यानं कोटाच्या आत घातला. पोटुशी बाई चालावी तसा तो पोट सावरत चालला. मोइनाकला त्यानं बजावलं, "आज तोंड उघडायचं न्हाई. कान बी झाकून घे."

बांधाच्या वळणावर लाल निवा गाडी चिखलात रुतून तिरकी झाली होती. चाकं गरगरत होती, चिखल उडत होता. गाडीशेजारी टोपी मागं सारून व्याही मिर्झाखान उभा होता आणि आत विहीणबाई उलबोसिन स्टिअरिंग धरून बसली होती. मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढलेला, म्हणून तेही ह्याच वाटेनं आले होते.

"अल्लानंच धाडलं, व्याही," मिर्झाखान म्हणाला. "जरा खांदा लावा."

बेइसेननं खांदा लावला. नाही कसं म्हणणार. लेक त्यांच्या घरात होती. तो रेटत गेला, चिखल तोंडावर आला, कोटाची गुंडी तुटली, आणि कलहंसाची लांब मान बाहेर येऊन मिर्झाखानच्या नाकासमोर झुलू लागली.

मिर्झाखान आधी चमकला, मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "तुमच्या खोगिराची वादी तेलकट राहो, व्याही."

"व्याही, जरा थांबा. हा तुमच्यासाटीच..."

"सिरालगी."

मोइनाकनं कान टवकारले. बेइसेन काही म्हणायच्या आत त्यानं कोटात तोंड घातलं, कलहंस ओढून काढला आणि व्याह्यांच्या बुटाशी अदबीनं ठेवला.

"व्याही," बेइसेन रडकुंडीला येऊन म्हणाला, "आवं, तुमच्याच जेवनासाटी मारलाय. तुमालाच खाऊ घालनार हुतो."

"मंग तर लई बरं झालं. माझाच मला मिळाला."

कलहंस गाडीत गेला. शेवटचा रेटा बसला तशी गाडी उसळून बाहेर पडली. मिर्झाखान पळत सुटला आणि चालत्या गाडीत कसाबसा चढला. "थांबलो तर परत रुततोय," तो खिडकीतनं ओरडला. "तुमी या मागनं." बेइसेनला वाटलं, आपणही चढलो असतो तर बरं होतं. पण पाय चिखलात होते आणि बूट त्याहून खाली. मोइनाक मात्र गाडीमागं सुसाट निघाला होता. कलहंस त्यानं शोधलेला होता, तो कुठं जातोय ते पाहणं त्याचं काम होतं.

बेइसेन घरी पोचला तेव्हा केसापासून टाचेपर्यंत काळा झालेला. अंगणात तोलेगेन मेंढपाळ बसला होता, शेजारी दाव्याचं वेटोळं आणि त्याच्यापलीकडं बांधलेली मेंढी. उंबऱ्यावर कलहंस पडला होता आणि त्याला चिकटून मोइनाक. कुणी हात लावायला गेलं की हळू गुरगुरत होता. उलबोसिन विहीण कौतुकानं बोलत होती.

"आमी म्हनलं, शिकाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायाचं. वाटंत ह्येंनी गाडी थांबवली, आन् बघा, येवढा मोठा."

मिर्झाखान खोकला. बेइसेनची नजर चुकवून म्हणाला, "व्हय, म्हंजे, वाटंत गावला."

रायखान वाकली. कलहंसाच्या पायांना बांधलेली निळी चिंधी तिनं पाहिली. मग नवऱ्याच्या तुटलेल्या गुंडीकडं पाहिलं, मग चिखलाकडं. "तुमाला काय गावलं आज?" तिनं विचारलं.

एकदा दिलेलं पाखरू आपलं म्हणायचं नसतं. आणि व्याह्याला खोटं पाडलं, तर त्याचे वळ लेकीच्या पाठीवर उठायचे.

"काय न्हाई," बेइसेन म्हणाला.

तोलेगेननं दावं उचललं. "वैनी, मंग ठरल्यापरमानं."

"कसलं ठरलंय?" मिर्झाखाननं विचारलं, आणि कळलं तसा तो पुढं सरसावला. "ह्ये कुत्रं देताय? व्याही, आख्ख्या वाटंभर माझ्या गाडीमागं पळालंय. मला द्या. व्याह्यानं तोंडानं मागितलंय, आता न्हाई म्हनू नका."

बेइसेननं बायकोकडं पाहिलं. त्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. नुसता बघत होता, पाखरू पडल्यावर बोरूकडं बघायचा तसा. रायखाननं ते पाहिलं आणि हात झग्याला पुसले.

"व्याही, तुमच्यापुढं जीव द्यावा, कुत्र्याचं काय. पन आधीच म्या ह्या तोलेगेनला शबुद दिलाय. दावं बघा, मेंढी बघा. येकाला दिलेलं दुसऱ्याला द्यायला कुटला धरम?"

मिर्झाखाननं मान डोलावली. दिलेल्या शब्दापुढं त्याचं काही चालत नव्हतं. तोलेगेन मनातनं फुलला आणि आणखी एक वाटी चहा प्याला. कलहंस शिजला, सगळे पोटभर जेवले, बेइसेनच्या वाट्याला मान आली. उन्हं कलली तशी लाल निवा मोठ्या तोऱ्यात निघून गेली. विहीणबाई जाताना सारी पिसं मागून घेऊन गेली, उशीसाठी.

धूळ बसायच्या आत तोलेगेन उठला. "चला वैनी. बांधतो."

"बांधतोस? शाना हाईस. व्याह्यानं तोंडानं मागितल्यालं कुत्रं तुज्या मेंढरामागं पळताना त्येंच्या कानावर गेलं, तर माज्या लेकीनं काय आयकून घ्यायचं?"

"मंग त्येंला द्या."

"त्येंला कसं देऊ? तुला दिलंय न्हवं."

तोलेगेन बराच वेळ विचार करत उभा राहिला. कुठंतरी चूक होती, पण ती कुणाची ते त्याला सापडेना. शेवटी दावं खांद्यावर टाकून, मेंढी पुढं घालून तो निघून गेला. रायखान त्या मेंढीकडं वळणापर्यंत बघत होती. मग ती आत गेली आणि निळी चिंधी धुऊन वाळत घातली.

पुढच्या खेपेला बेइसेन चार बदकं कमरेला लावून मोठ्या रस्त्यानंच आला. आता चोरून जाण्यात अर्थ नव्हता. आपाच्या ओट्याच्या बरंच अलीकडं, जिथं होड्या लागतात तिथंच, कुणीतरी कंबरेवर हात देऊन उभं होतं. रायखान होती. तोंड सकाळच्या चहाच्या वेळी असतं तसंच.

"तुमच्या खोगिराची वादी तेलकट राहो," ती म्हणाली. "सिरालगी."

मोइनाकनं क्षणभर दोघांकडं पाहिलं. मग एकेक करत चारही बदकं तिच्या पायाशी नेऊन ठेवली.

रायखाननं बदकं उचलली आणि गावाकडं चालू लागली. कुत्रं मालकाकडं न बघता तिच्यामागं निघालं. ओट्यावरनं बालशेकेर आपानं सवयीनं हाक मारली, "वादी तेलकट राहो. सिरालगी."

"म्या शिकारी न्हाई, आपा," रायखान म्हणाली आणि पुढं गेली.

चार पावलं गेल्यावर तिचा चालायचा वेग कमी झाला. ती परत फिरली, एक बदक म्हातारीच्या ओटीत टाकलं, आणि मागनं येणाऱ्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ध्यानात ठेव, आपा. ह्ये म्या दिलं. ह्येंनी न्हाई."