आणि साथी

“काकू, अंबाडा थोडा खाली घेता का? बँड बसत नाहीये.”

शालनने पिना काढल्या, अंबाडा सोडला आणि मानेवर सैल गाठ मारली. मग कुड्याही काढाव्या लागल्या, कारण त्या कानाला रुतायला लागल्या. रुमालात बांधून पर्समध्ये टाकताना तिला वाटलं, एवढी तयारी आपण शेवटचा एक्स-रे काढताना केली होती. तेव्हा निदान बाहेर बाकावर कुणीतरी बसलेलं होतं.

टेंभी नाक्यावरून आत वळलं की पहिल्या मजल्यावर हे दुकान. भिंतभर खुंट्या आणि खुंट्यांवर हेडफोन. एसी असा की पदर गळ्याभोवती घ्यावा लागला. भर दुपारी गिऱ्हाईक म्हणजे शालन एकटीच, आणि विकायला सोनल नावाची एक पोरगी, जिच्या एकाच कानात बाळ्यांची रांग होती. शालन जिना चढून आली तेव्हा तिने विचारलंच, “नातवासाठी का?” “नाही, मलाच,” म्हटल्यावर मात्र तिने खुर्ची ओढून दिली, पाणी आणलं आणि दोन हेडफोन काढून समोर ठेवले.

“आता तुम्हाला एकदम पाठ असलेलं गाणं लावा. नव्या गाण्यावर हेडफोन कळत नाही.”

“एकच आणलंय.”

“एक पुरे.”

गाणं मोबाइलमध्ये होतं. जगन शाहिराच्या गायन पार्टीची एकुलती एक कॅसेट, तिच्यातलं पहिलं. जगन गेल्यावर त्याच्या पुतण्याने, सुशांतने, मूळ टेप कुठल्याशा स्टुडिओत साफसूफ करून घेतली आणि सगळ्यांना पाठवली. सगळ्यांना म्हणजे आता शालनलाच. पेटीवाला, ढोलकीवाला, हौसाबाई, सीताराम, कुणीच मागे राहिलं नव्हतं. ‘काकू, मोबाइलवर ऐकू नका,’ सुशांतने लिहिलेलं, ‘चांगल्या हेडफोनवर ऐका. एकेकाचा आवाज सुटा येतो.’

ते वाचल्यापासून शालनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

कल्याण पूर्वेच्या वस्तीत जयंतीला, वर्षावासाला, बारशाला जगनची पार्टी लागायची. जगन ओळ म्हणायचा आणि मागचे तिघे ती उचलून धरायचे. झील धरणं म्हणत त्याला. सीताराम, हौसाबाई आणि शालन. दिवसा ती पालिकेच्या शाळेत शिपाई, घंटा वाजवायची, पाणी भरायची, आणि संध्याकाळी पांढरी साडी नेसून झील धरायची. कॅसेटच्या कव्हरवर जगनचं नाव ठळक, खाली पेटी-ढोलकीवाल्यांची बारीक, आणि सगळ्यात शेवटी ‘आणि साथी’. शालन ‘आणि साथी’मध्ये होती. तिने ते कधी कुणाला मोठेपणाने सांगितलं नाही. पण कुणी विसरू नये एवढ्या वेळा सांगितलं होतं.

अडचण एकच होती. त्या कॅसेटमध्ये तिला स्वतःचा आवाज कधीच ऐकू आला नव्हता. सगळ्यांचा मिळून एक गलका यायचा. पण तिचा नवरा सखाराम, अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणारा माणूस, दर रविवारी ती कॅसेट लावायचा, खाटेवर बसायचा आणि दुसऱ्या कडव्यानंतरचं धृपद आलं की एक बोट वर करायचा. “हे बघ. हे तुझं.”

“कशावरून?”

“मला नाही कळणार तर कुणाला?”

ती पुन्हा भाकरीकडे वळायची. सखाराम जाऊन आता बरेच दिवस झाले, टेपरेकॉर्डर तर त्याच्याही आधी गेला. पण ते बोट तिच्या मनात अजून वरच होतं. ते खरं होतं का, एवढंच तिला बघायचं होतं. आणि लवकर बघायला हवं होतं, कारण डॉक्टर म्हणालेला, डावा कान अर्धा गेलाय, उजवा शाबूत आहे तोवर आहे.

त्या डाव्या कानावरून बाळकुमला, मुलाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बोलणं झालंच होतं.

“आई, कानाचं मशीन घे म्हणून डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय,” सुमित म्हणाला. “मी ठाण्यातली अपॉइंटमेंट घेतलीय. तू फक्त जा.”

“मशीन लावून ऐकू कुणाचं? फ्रिजचं?”

“असं काय बोलतेस यार तू!”

“मग? घरात दुसरं बोलतं कोण?”

सून, प्रीती, सुमितकडे बघायला लागली आणि सुमित ताटाकडे. “मग ये ना इकडे राहायला,” तो म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. पण जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला ‘चहा घेऊन जा ना’ म्हणतात, त्या आवाजात म्हणाला. शालन म्हणाली, “येईन ना,” आणि तिनेही तोच आवाज लावला.

ती अपॉइंटमेंट आजचीच होती, पलीकडच्या गल्लीत. शालन त्या पाटीवरून सरळ पुढे चालत आलेली.

पहिला हेडफोन जाडजूड गादीचा होता. कानावर बसल्याबरोबर दुकान, एसी, खालची रिक्षांची कटकट, सगळं बंद झालं. मग ढोलकी आली, थेट छातीतून. पेटी आली. जगनने ओळ टाकली, ‘उजेड आला उंबऱ्याला’, आणि मागून झील उठली, ‘हाती घेऊन पाटी गं, हाती घेऊन पाटी.’

सगळं गोड, गुळमट, एकात एक मिसळलेलं. आमटीसारखं. डाळ कुठली, चिंच कुठली, काही कळेना.

“कसं वाटतंय?”

“चांगलं आहे गं. पण सगळे एकाच चादरीत झोपल्यासारखे वाटतात.”

सोनल हसली. “मग हा दुसरा बघा. हा ओपन आहे, मागून जाळी. यात सगळं सुटं सुटं होतं. पण हा नुसत्या मोबाइलवर चालत नाही, आवाज बारीक येतो. याला अँप लागतो, आवाज वाढवणारा.” तिने पोळ्यांच्या डब्याएवढी एक काळी पेटी काढली आणि वायरी जोडायला लागली.

“म्हणजे हा नवरदेव करवलीशिवाय हलत नाही.”

“अगदी! आणि काकू, जाळीमुळे आवाज थोडा बाहेरही जातो हां. घरात कुणाला डिस्टर्ब होईल का?”

“घरात पाल आहे. तिला विचारते.”

सोनलने काळ्या पेटीचं बटण हळूहळू फिरवलं.

आणि ती खोली आली. शालनला खरंच वाटलं की कुणीतरी दार उघडलं. डावीकडे ढोलकी, तिच्या शाईवर बोटाची ओली थाप पडली तीही कळली. पेटीच्या भात्याचा श्वास. मध्ये जगन, ओळीआधी ओठ सोडवणारा. आणि मागे, उजव्या हाताला, सीताराम. नाकातून गाणारा, कायम सर्दी झाल्यासारखा सीताराम! त्याच्या शेजारी हौसाबाई. खणखणीत. जिच्या आवाजाने शेजारच्या मांडवातली माणसं इकडे यायची, ती हौसाबाई. शालनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसली, कारण हौसाबाई ‘पाटी गं’ म्हणताना ‘गं’वर जरा जास्तच रेंगाळत होती. तेव्हाही सगळे तिला त्यावरून बोलायचे.

दुसरं कडवं संपलं. सखारामच्या बोटाची जागा आली.

तो आवाज हौसाबाईचा होता.

शालनने गाणं मागे नेलं, पुन्हा ऐकलं. डावा कान कमी पडत असेल म्हणून हेडफोन उलटा घातला. आता सीताराम डावीकडे गेला, हौसाबाई पण गेली. तिसरं कुणी नव्हतं.

“पोरी, तू ऐक जरा. तुझे कान नवे आहेत. मागे किती बायका आहेत ते सांग.”

सोनलने डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. “एक काका आहेत आणि एक काकू. काकूंचा आवाज काय कडक आहे!”

“अजून एक बाई असेल बघ. मागे. जरा लांब.”

सोनलने बटण वाढवलं, पुन्हा डोळे मिटले. मग हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. “नाही हो काकू. एकच. मला तरी एकच.” शालनच्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, “कोण होत्या त्या?”

“होती एक,” शालन म्हणाली.

तिला ते स्टूल आठवलं. झील धरणाऱ्या तिघांत माइक एकच होता. सुमितच्या वेळचा सातवा महिना, पाय सुजलेले, उभं राहवेना. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, ताई, तुम्ही दाराजवळ बसूनच म्हणा, येतो आवाज. आणि ती घसा फोडून गायलेली, दाराजवळ बसून.

नेमका तेव्हाच फोन वाजला. सुमित.

“आई, झालं का? मिळालं मशीन?”

“बघतेय.”

“लावून बघितलंस? येतंय ऐकायला नीट?”

“येतंय. सगळं सुटं सुटं येतंय.”

“बघ! मी सांगत होतो. उगाच घाबरत होतीस. चल, मीटिंग आहे, ठेवतो.”

तेव्हाही तूच मध्ये होतास बाळा, असं तिच्या ओठांवर आलेलं. पण फोन बंद झालेला.

सोनलला काय वाटलं कोण जाणे. तिने तो पहिला, गादीचा हेडफोन पुन्हा पुढे केला. “काकू, मला विचाराल तर हाच घ्या. यात सगळे एकत्र छान वाटतात. अँपची कटकट पण नाही.”

शालनने तो घातला. जग पुन्हा बंद झालं. झील उठली, आणि तिच्यात कोण आहे आणि कोण नाही हे विचारायची सोयच नव्हती. ऊब होती नुसती. यात सखारामचं बोट खोटं ठरत नव्हतं. घेऊन टाकावा, घरी जावं आणि पुन्हा कधी मोजू नये. तिने डोळे मिटले.

खांद्यावर हात पडला तेव्हा तिने दचकून हेडफोन उतरवला. सोनल एक बोट तिच्याकडे रोखून उभी होती, हसत.

“काकू, तुम्ही गाताय! मोठ्याने!”

“मी?”

“मग काय! ते ‘हाती घेऊन पाटी’ आलं ना, तेव्हा. आधी मला वाटलं हेडफोनमधूनच येतंय.”

शालन त्या बोटाकडे बघत राहिली.

खाट स्वयंपाकाच्या ओट्यासमोर होती. सखारामचे कान कारखान्याने कधीच घेतले होते. त्याला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागायचा. टेपच्या तेवढ्याशा स्पीकरमधून त्याला कोण हौसाबाई आणि कोण शालन? त्याचं तोंड टेपकडे नसायचंच कधी. तो ओट्याकडे बघत बसायचा, भाकरी थापणाऱ्या बाईकडे, आणि तिचे ओठ हलले की बोट वर करायचा. हे बघ. हे तुझं. आणि ती आपली वर्षानुवर्षं टेपकडे वळून बघायची.

“पाणी देऊ का काकू?”

“नको. तो दुसरा दे. जाळीचा. त्याच्या त्या करवलीसकट.”

“नक्की? मघाशी तर तुम्हाला...”

“यात मध्ये जागाच नाही गं. त्यात आहे.”

“हो, साउंडस्टेज म्हणतात त्याला,” सोनल उत्साहाने म्हणाली. “त्याचा मस्त आहे, एकदम मोठा.”

“तेच म्हणायचं होतं,” शालन म्हणाली आणि कुड्या शोधायला लागली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झालेली. तिने बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, फ्रिजवरची बरणी हलवून काळी पेटी तिथे ठेवली, आणि सोनलने मोबाइलमध्ये काढून दिलेल्या फोटोत बघून बघून एकेक वायर खोचली. हिरवा दिवा लागला. मग तिने खाट जराशी ओढली, ओट्यासमोर होती तशी केली. बसली मात्र नाही. खाट रिकामी ठेवून ती ओट्यापाशी उभी राहिली, अंबाडा सोडला आणि हेडफोन घातला.

बाहेर पॅसेजमध्ये शेजारची कल्पिता दोरीवरचे कपडे काढत होती. शालनकाकूंच्या घरातून गाण्याची ओळ आली तशी ती थबकली.

“हाती घेऊन पाटी गं, हाती घेऊन पाटी...”

आवाज जाडसर होता, जरा थरथरता, पण पट्टीत पक्का. पुढची ओळ ऐकायला कल्पिता थांबली. पुढे काहीच आलं नाही. पेटी नाही, ढोलकी नाही, गाणारं दुसरं कुणी नाही. काकू विसरल्या असतील असं वाटून तिने शेवटची उशीची खोळ ओढली, चिमटे मुठीत गोळा केले.

आतून पुन्हा तीच ओळ आली, नेमकी, कुणीतरी खूण केल्यासारखी. आणि पुन्हा सगळं शांत. कल्पिता कपडे छातीशी धरून तिथेच उभी राहिली.