चासी सरळ करणारी लाल दोरी

आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणावर माणसं, जिन्यावर माणसं, पाण्याच्या टाकीवरसुद्धा माणसं. आणि मधोमध दादाचा ट्रक. धडकेत त्याची चासी, म्हणजे सगळी गाडी तोलून धरणारी खालची लोखंडी चौकट, वाकली होती. वर्कशॉपवाला म्हणाला, मशिनवर चढवावी लागेल, वेळ लागेल. दादाला धीर कुठला! त्याने घरच्या घरी चासी सरळ करून देणारे महाराज गाठले.

महाराजांची पहिलीच अट, घरात वाकडं काही नको. त्यामुळे हँगर, वाकड्या मुठीच्या छत्र्या आणि पाठीला बाक आलेले आमचे काका, सगळ्यांची रवानगी शेजाऱ्यांकडे झाली. काका इतके भडकले की त्यांनी तिथे चहासुद्धा घेतला नाही.

"लोखंड हट्टी असतं," महाराज गरजले, "पण त्यालाही कान असतात!"

गर्दीने माना डोलावल्या. मला हसू आवरेना.

मग त्यांनी एक जाड लाल दोरी काढली. चौकट सरळ असेल तर तिची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी मापं सारखी भरतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. एक माप घेऊन त्यांनी दोरीला गाठ मारली. दुसऱ्या मापाला ती गाठ चार बोटं कमी पडली. लोक हळहळले. महाराज गाडीखाली शिरले, चासीच्या कानात (तो कुठे असतो देव जाणे) मंत्र पुटपुटले आणि पुन्हा दोरी लावली. गाठ बरोब्बर कोपऱ्यावर! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"उद्या सकाळीच माल भरतो," दादा खुशीत म्हणाला. "आणि घाट उतरताना पोरीला शेजारी बसवतो. कधीची मागे लागलीये."

मी त्याला बाजूला ओढलं, तर "तुला प्रत्येकात खोटच दिसते" म्हणत त्याने मलाच झटकलं. वहिनी मात्र दोरीकडे निरखून बघत होत्या. त्या शाळेत भूमिती शिकवतात.

"महाराज, गाठीला नमस्कार तरी करू द्या," त्या हात जोडून म्हणाल्या.

"लांबूनच, बाई. स्पर्शाने शक्ती उतरते!"

तोवर वहिनींनी गाठ धरलीही होती. ती घेऊन त्या मागे मागे सरकू लागल्या. गाठ बंपरच्या पुढे गेली, पायरीच्या पुढे गेली. दुसरं टोक हाताला गुंडाळलेले महाराज चाकाला मिठी मारून बसले.

"अहो, बघा!" स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी दादाला हाक मारली. "आपली चासी गॅसपर्यंत पोचली!"

"बाई, दोरी सोडा!"

"सोडू?"

"नको, नको!"

पण त्यांनी सोडलीच. गाठ सणसणत आली आणि थेट महाराजांच्या नाकावर बसली.

"रबर आहे हे, वरून नुसतं सूत गुंडाळलंय," वहिनी म्हणाल्या. "मंत्राआधी दोरी जाड होती, मंत्रानंतर बारीक दिसली. तेव्हाच कळलं. लोखंड तसूभर हललं नाही, दोरी ताणली गेली."

त्यांनी कपडे वाळत घालायची तार सोडली आणि सगळ्यांसमोर मोजलं. तीच चार बोटं.

"पण रबर ताणायलाही शक्ती लागतेच की!" टाकीवरून कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात महाराज नाक धरून कुंपणापलीकडे उडी मारते झाले.

दादा पायरीवर बसला. "पोरगी शेजारी बसणार होती," एवढंच म्हणाला आणि किल्ली त्याने वहिनींच्या हातात दिली.

वाचकहो, वाकलेलं लोखंड मंत्राने सरळ होत नाही. त्याला मशीन लागतं आणि वेळ लागतो. जो कुणी मापाला हात लावू नका म्हणेल, त्याचं माप आधी हातात घ्या, ओढून बघा, दुसऱ्या मापाशी ताडून बघा. घाटात गाडी एका बाजूला ओढू लागेल तेव्हा महाराज तिथे नसतील. शेजारच्या सीटवर आपलं पोर असेल.