जावयासाठी सेफ मोहल्ला

जावयाने सासूच्या घराची कडी हलवून बघावी, आणि तीही सासूच्या देखत, याला आमच्याकडे काय म्हणतात ते मी लिहीत नाही. पोरीचा संसार आहे. पण मागच्या दिवाळीला आमच्या श्यामरावांनी हेच केलं. फराळाला बसायच्या आधी मागच्या अंगणाचं दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं, खिडकीचे गज बोटांनी वाजवून पाहिले आणि म्हणाले, "आई, हे दार तर एका लाथेत पडेल."

मी म्हटलं, "लाथ घालणारा अजून कुणी आला नाही. तुम्ही घालून बघता का?"

कल्पनाने माझ्यावर डोळे वटारले. माझीच मुलगी, पण लग्न झाल्यापासून डोळे पुण्याचे झालेत. श्यामराव हसले आणि चकलीकडे वळले. चकल्या मात्र त्यांनी काही न तपासता खाल्ल्या.

मला वाटलं, झालं. कुठलं काय! एप्रिलात त्यांचा फोन आला. "आई, सुट्टीत पोरांना घेऊन येतोय. पण तुमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये नको. तिथली निम्मी क्वार्टरं आता रिकामी पडलीत. दुपारी चिटपाखरू नसतं, मागे सगळी झाडी. आपण दुसरीकडे एखादं घर घेऊ थोड्या दिवसांसाठी. चांगला सेफ मोहल्ला पाहिजे. तुम्ही इतकी वर्षं भोपाळमध्ये काढलीत, तुम्हीच बघून ठेवा ना."

म्हणजे माझ्या नातवंडांना माझ्या घराबाहेर झोपवायचं, आणि ती जागाही मीच शोधायची. बोकडालाच सांगायचं, बाबा रे, सुरीला धार लावून ठेव.

आमचे हे कारखान्यात क्रेन चालवतात. पुढच्या मार्चला रिटायर होणार, की क्वार्टर कारखान्याला परत. बरखेड्यातलं हे घर, हे अंगण, कल्पना जिथे रांगली ती फरशी, सगळं सोडायचं. दर मे महिन्यात संध्याकाळी अंगणात पाणी मारून खाटा टाकायच्या, मच्छरदाण्या बांधायच्या आणि दोन्ही नातवंडांना आजूबाजूला घेऊन झोपायचं, हे यंदा शेवटचं. हे मी फोनवर बोलले नाही. जावयापुढे रडायला मी काही कांद्याची चाळ उघडून बसले नव्हते.

हे म्हणाले, "सरळ नाही म्हणून टाक."

"आणि मग म्हणू देत, म्हातारीला नातवंडांच्या जिवापेक्षा स्वतःचा हट्ट मोठा? मी बघणार. अगदी खरं खरं बघणार. चांगला मोहल्ला मिळाला तर सांगणार, मिळाला म्हणून."

"तुला काय कळतं त्यातलं?"

चौथी शिकलेल्या बाईला सगळे हेच विचारतात. पण मोहल्ला कसा ओळखावा हे मला लग्न होऊन आले त्याच दिवशी कळलं होतं. सामान रिक्षातून उतरायच्या आधी चार बाया गोळा झाल्या. इथली रीतच ती. नवा माणूस दिसला की तीन प्रश्न: किसके यहाँ आए, वो कौन से ब्लॉक में हैं, और गाँव कौन सा? ब्लॉक म्हणजे कारखान्यातला विभाग. यांचा ब्लॉक मला ठाऊक नव्हता, म्हणून त्यांच्यातल्या मिश्राइनने मला दारातच उभं करून ठेवलं. पुढे गेलेले हे कुलूप उघडून परत बाहेर आले, मला ओळखलं, तेव्हा कुठे सोडलं. त्या रात्री मी रडले. महिन्याभरात मीही तिच्या शेजारी उभी राहून प्रश्न विचारायला लागले.

तर माझी परीक्षा सोपी. परक्या गल्लीत जायचं, लोकांच्या खिडक्यांतून डोकावायचं आणि बघायचं, कुणी विचारतंय का. जिथे म्हातारीला हटकत नाहीत तिथे चोराला काय हटकणार!

पहिल्यांदा होशंगाबाद रोडवरची नवी गेटवाली कॉलनी. श्यामरावांनी नेटवर पाहिलेली. गेटवर वर्दीतला चौकीदार, हातात दांडकं. मी मुद्दाम लग्नाची पैठणी नेसले होते. त्याने दांडकं काखेत मारून मला सलाम ठोकला. मी आत. एका बंगल्याच्या खिडकीला नाक लावलं, कुणी नाही. दुसऱ्याच्या व्हरांड्यात झोपाळा होता, त्यावर बसून चांगले झोके घेतले. तिसऱ्याचा कढीपत्ता ओरबाडला. समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं, बाईने नाही. बाहेर पडताना चौकीदाराने पुन्हा सलाम केला. माझ्या पिशवीत कढीपत्त्याऐवजी कुणाचं मूल असतं तरी केला असता.

ती कॉलनी नापास. घरी येऊन मी खुशीत कढी केली.

मग कोटरा सुल्तानाबाद. तिथे एक घर रिकामं आहे असं यांच्या मित्राने सांगितलं होतं. ऊन मी म्हणत होतं. मी गल्लीत शिरले, एका फाटकावरून डोकावले मात्र, गच्चीवरून आवाज आला, "ऐ अम्मा! किसको ढूँढ रही हो?" एक बाई पापड वाळत घालत होती. दोन मिनिटांत ती खाली, शेजारीण बाहेर, पलीकडची खिडकी उघडी. मी सांगितलं, घर बघायला आले. तर बसवलं, पाणी दिलं, आणि नातवंडं किती, जावई काय करतो, पोरीला सासू आहे का, सगळं काढून घेतलं. वर म्हणाली, "बेफिकर रहो अम्मा. हमारी गली में बिल्ली भी पूछ के आती है."

मोहल्ला पास झाला होता. चांगल्या मार्कांनी.

परतताना बसमध्ये मी देवालाच विचारलं. देवा, त्या बाईला थोडी डुलकी का लागू नये? पण पाहिलं ते पाहिलं. संध्याकाळी फोन करून सांगायचं, आणि अंगणातल्या खाटा माळ्यावरच राहू द्यायच्या, असं ठरवून मी आमच्या गल्लीत वळले.

तर सुशीलाच्या दारात ही गर्दी! सुशीला आमची शेजारीण, ग्वाल्हेरची. नवरा, दीर सगळे ड्यूटीवर, दारात नुसत्या बाया. मिश्राइनच्या हातात कपडे धुवायची मोगरी. मला बघताच सुशीला धावत आली.

"काकू, बरं झालं आलात! चोर पकडला. तुमच्या मागच्या दाराशी होता. कडी हलवून बघत होता. वर मोबाइलने फोटो पण काढत होता खिडकीचे!"

"मग?"

"मग काय, या मिश्रा भाभींनी पकडलं. विचारलं, किसके यहाँ? तर तुमचं नाव घेतो. म्हणे, दामाद हूँ!"

मिश्राइन पुढे आली. तिला माझ्या लग्नाच्या दिवसापासून धाप लागते, पण आवाज तसाच आहे. "हमने पूछा, दामाद हो तो बताओ, ससुर कौन से ब्लॉक में हैं? बोला, अकाउंट में! बेलसरे जी, और अकाउंट में! हमने कहा, बैठो बेटा यहीं."

"अहो काकू, तुमचे जावई आम्ही सुटाबुटात पाहिलेले," सुशीला म्हणाली. "हा टोपी घालून, तोंडाला रुमाल बांधून. उन्हासाठी म्हणे! रुमाल सोडला तरी आम्ही विश्वास ठेवला नाही. सासऱ्याचा ब्लॉक ठाऊक नाही असा कुठे जावई असतो?"

मी आत गेले. खाटेवर श्यामराव बसलेले. घामाने निथळलेले, मांडीवर मठ्ठ्याचा पेला. चोर असला तरी उन्हातून आलेल्याला मठ्ठा द्यायचा, ही पण इथली रीत. मोबाइल सुशीलाने डाळीच्या डब्यात ठेवला होता.

"आई!" ते उठायला गेले. मोगरी हलली, तसे बसले. "आई, सांगा ना यांना. मंडीदीपला कंपनीचं काम होतं, म्हटलं जाता जाता जरा बघून घ्यावं..."

"काय बघून घ्यावं?"

"म्हणजे... इथे सुरक्षित आहे की नाही ते. तुम्हाला त्रास नको म्हणून कळवलं नाही."

मिश्राइनने विचारलं, "बेलसरे भाभी, पहचानती हो इसको?"

मी घाई केली नाही. पिशवी खाली ठेवली. पदराने चष्मा पुसला. एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. नऊ वर्षं या माणसाला पुरणपोळ्या वाढल्या, आणि याला माहीत नाही की त्याचा सासरा क्रेनवर बसून ट्रान्सफॉर्मर उचलतो. लग्नाच्या दिवशी मला सुद्धा माहीत नव्हतं, हे खरं. पण मी तेव्हा एका दिवसाची नवरी होते.

"चेहरा ओळखीचा वाटतो," मी म्हटलं.

"आई!!"

सुशीला पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली. मिश्राइनने मोगरी अजून सोडली नव्हती. मी खाटेसमोर स्टूल ओढून बसले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"श्यामराव, तुमच्यासाठी मी उन्हातान्हात भोपाळ पालथं घातलं. खोटं बोलणार नाही, कोटऱ्यात एक चांगला मोहल्ला सापडलाय. तिथे मला नुसतं विचारलं. इथे तुम्हाला धरून बसवलं. नातवंडं माझ्या अंगणात झोपणार. तुमची झोप उडत असेल तर होशंगाबाद रोडला जा, तिथे झोपाळा आहे, कोण कुठला कुणी विचारत नाही. आणि इथेच राहायचं असेल, तर आधी मठ्ठा संपवा, आणि मिश्राइनला नीट सांगा, सासरा कोणत्या ब्लॉकला आहे. मी सांगणार नाही. हे येतील ड्यूटीवरून, त्यांनाच विचारा. तोपर्यंत बसा."