मावशींचं रोप

“आधी चिठ्ठी लिहा, मग डिंक. डिंक वाळला की काही हलत नाही”—वनस्पतिशास्त्र विभागात ती मदतनीस म्हणून लागली, त्या पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं. आणि ही चिठ्ठी, वाळवलेल्या रोपाच्या मुळाशी डकवलेली, तिच्याच गोल अक्षरात... ‘गोळा करणारे’—पुढे सरांचं नाव. हात सवयीनं चालला होता. रोप कोणी का आणेना, त्या ओळीत विभागप्रमुख सरच.

हे आणलं होतं झाडपाला विकणाऱ्या मावशींनी, कड्याच्या कपारीतून, गुडघे सोलून घेऊन. लॅटिन नावातलं पहिलं पद प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं; दुसरं त्या जातीचं स्वतःचं, ते एखाद्या माणसाच्या नावावरूनही देता येतं. बाईचं असेल तर शेवटी वेगळा प्रत्यय—मावशींच्या नावाला तो लावून तिनं वहीत किती वेळा गिरवलं होतं!

“माझं नाव? गवताला?” मावशी खोकेपर्यंत हसल्या होत्या. “सून म्हणेल, तणालाच शोभतंय!” मग हळूच, “पण ठरलं की सांगायला येशील ना, पोरी?”

“येईन. मी स्वतः येईन.”

आणि आज सकाळी शोधपत्रिकेचा छापील अंक आला. नवी जात, नाव सरांचं. आपलं नाव रोपाला आपण द्यायचं नाही, अशी रीत. म्हणून शिष्याकडून देववलं. करून सवरून नामानिराळे!

“सर, हे मावशींनी—”

“अहो, चिठ्ठीवर अक्षर कुणाचं?” सर चष्मा पुसत म्हणाले. “आणि छापलेलं नाव आता जन्माचं. जाऊ द्या.”

जाऊ द्या... चिडायचं तरी कुणावर? सरांवर चिडावं तर चिठ्ठी लिहिणारी बोटं आपली. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच राहिला. मावशींना वाचता येत नाही. अंक उघडायचा, त्या नावावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हे बघा, तुमचंच. कोण पडताळणार? तिनं ते खोटं मनात म्हणून पाहिलं—एकदा, दोनदा—आणि दर वेळी मावशींचं ते हळूच विचारणं आडवं आलं. त्या हसतील, सुनेला हाक मारतील, त्या अक्षरांवरून बोट फिरवतील... सरांच्या नावावरून.

येऊन सांगेन, एवढंच कबूल केलं होतं. गोडच सांगेन, असं कुठे म्हटलं होतं? सकाळपासून कपाळात ठणकणारं काहीतरी थोडं खाली बसलं.

मावशींकडे जायला तिनं अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला, अंक पिशवीत घातला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.