ट्रिनासाठी रायफल

माझी मुलगी ट्रिना डावखुरी आहे, हे आमच्या घरात कधी कुणी मनावर घेतलं नाही. ती डाव्या हाताने लिहायची, डाव्या हाताने बटाटे सोलायची आणि रायफल डाव्या खांद्याला लावायची. रायफल मात्र माझी, म्हणजे उजव्या हाताची. तिचा बोल्ट उजवीकडे. गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलला की नवं आत जातं. डावखुऱ्या माणसाला त्यासाठी हात रायफलीवरून पलीकडे टाकावा लागतो. आमच्या तुआटापेरे गावातली सगळी डावखुरी माणसं हेच करतात. ट्रिना तर इतक्या झटकन करायची की ती काही वेगळं करते आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नसे.

‘मग आता एकदम तुला डावखुरी रायफल घ्यायची हुक्की कुठून आली?’ रेवीने मला विचारलं. रेवी म्हणजे नदीपलीकडचा माझा शेजारी. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं हरणांमागे एकत्र हिंडतो आणि एकत्र हात हलवत परत येतो.

‘पोरीला स्वतःची रायफल नको का?’ मी म्हणालो.

‘डंकन, लेका, मला शिकवतोस? तिला ऑस्ट्रेलियाची नोकरी आलीय म्हणून तुझी ही धावाधाव.’

तो बोलला ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ट्रिना आमच्या गावच्या लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीने तिला बोलावलं होतं. ईस्टरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हे तिने मला जेवताना सांगितलं, वर मीठ मागितलं, आणि त्यानंतर विषयच काढला नाही. जाते म्हणाली नाही, राहते म्हणाली नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. तिची आई ब्रिस्बेनला एका फरशीवाल्याबरोबर राहते. त्या देशाने माझ्याकडून एक माणूस आधीच नेलेलं आहे. दुसरं द्यायची माझी तयारी नव्हती.

माझा हिशेब सरळ होता. रायफल समुद्रापार न्यायची म्हणजे परवानग्यांची इतकी कटकट, की इथून जाणारा प्रत्येक जण आपली रायफल जाताना कुणाच्या तरी गळ्यात मारून जातो. जाणारा माणूस नवी घेतच नाही. तेव्हा ट्रिनाने नवी घेतली, तीही डावखुरी, खास तिच्या हाताची, म्हणजे ती राहिली.

‘रायफलीने हरीण मारतात,’ रेवी म्हणाला, ‘पोरी बांधून ठेवत नाहीत.’

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याच संध्याकाळी ट्रिनाला विचारलं. ती हो-नाही करेल, टाळेल, असं वाटलं होतं.

‘घेऊ या की,’ ती म्हणाली. ‘पण आखूड नळीची बघू, बाबा. झाडीत अडकणार नाही अशी. आणि हलकी.’

ती इतकी पटकन कबूल झाली की मला आनंद व्हायच्या आधी संशय आला. मग आनंद झाला. नर हरणं ओरडायला लागायचे, म्हणजे शिकारीचे दिवस जवळ आले होते, आणि ती आखूड नळीबद्दल बोलत होती. जाणारी माणसं आखूड नळीबद्दल बोलतात का?

त्यानंतर माझ्या डोक्याचा जो भुगा झाला तो विचारू नका. मी आयुष्यभर एकच रायफल वापरली, वडिलांनी दिलेली. रायफल निवडायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. गिरणीतला एक म्हणाला, आखूड नळीचा आवाज कान फाडतो, सायलेन्सर हवाच. दुसरा म्हणाला, मग आखूड कशाला, सायलेन्सर लावला की लांबी तेवढीच. खाटीक म्हणाला, छोटी गोळी घे, पोरीला धक्का बसणार नाही. त्याची बायको म्हणाली, छोट्या गोळीने हरीण जखमी होऊन पळेल आणि पाप लागेल. लाकडी दस्ता पावसात फुगतो, प्लास्टिकचा थंडीत हाताला चावतो. प्रत्येकाचं पटायचं, पुढचा भेटेपर्यंत. आणि शेवटी सगळे एकच विचारायचे, ‘पण डावखुरी मिळते कुठे?’

मिळायची पंचाईतच होती. इन्व्हरकार्गिलला बंदुकांचं दुकान असलेल्या नेव्हिलने एक मागवून देतो म्हणून सांगितलं. तोवर रेवीच्या चुलतभावाकडे तसलीच एक डावखुरी होती. तो डावखुरा आहे हे मला त्या दिवशी कळलं. रविवारी तो ती घेऊन रेवीच्या शेतावर आला. टेकडीच्या पायथ्याशी निशाणाचा कागद लावला, मेंढ्या पलीकडच्या कुंपणात घातल्या, आणि ट्रिना नेम धरायला पोटावर आडवी झाली.

पहिली गोळी बरोबर लागली. मग तिने सवयीने हात उचलला, रायफलीवरून पलीकडे टाकला आणि हवा पकडली. बोल्ट अलीकडे, तिच्या नाकाशी होता. रेवी हसून हसून वाकला.

‘काय शोधतेस गं? शिंपले?’

‘गप रे काका,’ ती म्हणाली आणि पुढच्या गोळीला पुन्हा तेच केलं.

मला वाटलं, झालं, आता ती म्हणणार मला नको हे. पण थोड्याच वेळात तिचा हात शहाणा झाला. बोल्ट मागे, पुढे, मागे, पुढे, डोकं जागचं हलत नव्हतं. शेवटच्या पाच गोळ्यांची भोकं एका बशीखाली झाकली असती. इतकी चांगली नेमबाजी मी आमच्या घरात कधी पाहिली नव्हती, माझी स्वतःची धरून. मला एकदम भरून आलं.

‘बाबा, आता तू,’ ती म्हणाली.

‘मी कशाला?’

‘उडव तर खरं.’

मी आडवा झालो. माझ्या उजव्या खांद्याचं गेल्या हिवाळ्यात ऑपरेशन झालंय. तेव्हापासून वडिलांची ती जड रायफल डोंगरावर न्यायची म्हणजे अर्ध्या वाटेत ती रेवीच्या पाठीवर जाते. ही मात्र हलकी होती, धक्काही फार नव्हता. पण बोल्ट डावीकडे. मी उजवा हात वरून पलीकडे नेला तर खांद्यातून कळ आली. डाव्या हाताने ओढू गेलो तर नळी गवतात घुसली. दस्ता इतका आखूड, की माझं नाक नळीवरच्या दुर्बिणीवर आपटलं. रेवी पुन्हा वाकला, त्याचा चुलतभाऊही. ट्रिना हसली नाही. ती हाताची घडी घालून माझ्याकडे बघत राहिली.

‘पुन्हा करून बघ,’ ती म्हणाली.

‘मला कुठे वापरायचीय? तुझी आहे.’

‘तरी बघ ना.’

पुन्हा करून बघितलं. पुन्हा नळी गवतात. परतताना गाडीत मीच बोलत होतो. तिची नेमबाजी, यंदाची हरणं, लाँगवूडच्या रानात कुठून शिरायचं ते. ती खिडकीबाहेर बघून हं हं करत होती. काय बिघडलं ते मला कळेना. रायफल आवडली नाही म्हणावं, तर बशीएवढ्या जागेत पाच गोळ्या कुणी मारल्या?

‘आवडली ना?’ मी शेवटी विचारलं.

‘फार आवडली,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज एखाद्याला ताप आल्याची बातमी सांगावी तसा होता.

पुढच्या शनिवारी नेव्हिलचा फोन आला. आम्ही इन्व्हरकार्गिलला गेलो, वाटेत चीज रोल खाल्ले, आणि नेव्हिलने काउंटरवर नवीकोरी डावखुरी मांडली. करड्या रंगाची, आखूड, देखणी. सायलेन्सर लावला तरी ट्रिनाच्या छातीपर्यंतच येत होती. मी लगेच परवान्याचं कार्ड काढलं.

‘थांब बाबा,’ ट्रिना म्हणाली. ‘नेव्हिल, हीच उजव्या हाताची आहे का तुझ्याकडे?’

नेव्हिलने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘आहे की. उजव्यांना काय तोटा. पण तू डावखुरी ना?’

‘आण ना जरा.’

त्याने आणली. दुर्बिणीसकट हुबेहूब तीच, फक्त बोल्ट उजवीकडे. ट्रिनाने ती डाव्या खांद्याला लावली, हात वरून पलीकडे टाकला, आपल्या जुन्या सवयीने, आणि खाली ठेवली.

‘ही घेऊ.’

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. ‘ती उजवी आहे, पोरी.’

‘दिसतंय मला.’

‘अगं, आपण इतके दिवस शोधलं ते काय? तुझ्या हाताची समोर पडलीय आणि तू—’

‘मला अशीच सवय आहे, बाबा.’

‘रविवारी सवय मोडलीस की. सगळ्यांनी पाहिलं.’

ती नेव्हिलकडे वळली. ‘याचा दस्ता लांब करता येतो का?’

आता मात्र मला काही म्हणजे काही समजेना. आखूड हवी म्हणून हिनेच हट्ट धरलेला, आणि आता लांब करायची. नेव्हिल म्हणाला, येतो की, मागच्या रबरी गादीखाली चकत्या घालायच्या असतात; पोरं वाढतात तशा आईबाप त्या वाढवतात.

‘ही चोवीस वर्षांची आहे,’ मी म्हणालो. ‘हिची वाढ आठवीतच थांबलीय.’

नेव्हिल हसला. ट्रिना नाही. ‘किती घालता येतात?’

‘चार.’

‘चारही घाल.’

नेव्हिल स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला. मला राग आला होता, आणि राग कशाचा ते कळत नव्हतं, त्यामुळे तो आणखी वाढत होता. माझ्या मनात येत होतं की ही मला खेळवते आहे. डावखुरी घेतली तर राहावं लागेल हे हिने ओळखलं आणि म्हणून उजवीचं खूळ काढलं. पण मग रायफल घ्यायचीच कशाला? नको म्हणाली असती तर मला कळलं असतं. जायचं असेल तर नको म्हण, राहायचं असेल तर तुझ्या हाताची घे. हे मधलं काय होतं?

‘हे तुझ्या हाताला आता मुळीच बसणार नाही,’ मी म्हणालो. ‘चापापर्यंत बोट पोचणार नाही तुझं.’

‘नाही पोचणार,’ ती म्हणाली.

नेव्हिलने शेवटचा स्क्रू आवळला आणि रायफल तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

‘त्याला दे.’

मी घेतली. दुसरं काय करणार, नेव्हिल धरून उभा होता. भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याच्या दिशेने मी ती उजव्या खांद्याला लावली. गादी खांद्यात नीट बसली. दुखलं नाही. गाल आपोआप दस्त्यावर टेकला, बोट चापाशी आलं, बोल्ट माझ्या हाताखाली होता. वडिलांच्या रायफलीच्या निम्म्या वजनाचीसुद्धा नसेल. मी बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला.

‘वर धरून ठेव,’ ट्रिना म्हणाली. ‘खांदा दुखतो का ते बघायचंय मला.’

‘नाही दुखत.’

‘नक्की? खोटं नको बोलूस.’

‘नाही दुखत म्हटलं ना.’

ती जवळ आली आणि माझं कोपर थोडं वर उचलून बघितलं, जसं मी तिला नेम शिकवताना तिचं उचलायचो.

‘डावखुरी घेतली असती, बाबा,’ ती म्हणाली. ‘मला तीच आवडली होती. पहिल्यांदा वाटलं, माझी म्हणून घ्यावी आणि मागे तुझ्याकडे ठेवून जावी. पण तुला ती चालवता येत नाही. ती कपाटात पडून राहिली असती आणि तू आजोबांचं ते धूड घेऊन डोंगर चढत बसला असतास. खांद्याची वाट लागली असती तुझ्या. रेवीकाका काय जन्मभर वाहणार आहे?’

नेव्हिल मागच्या खोलीत काहीतरी शोधायला गेला. त्याला काही शोधायचं नव्हतं.

‘कळवलंस का त्यांना?’ मी विचारलं. डोळा दुर्बिणीलाच होता.

‘परवा. हो म्हणून कळवलं.’

मी तिला थांबवायला म्हणून दुकानात आणलं होतं. आणि ती, पहिल्या दिवसापासून, आपण गेल्यावर माझं कसं होईल याची सोय बघत होती. आखूड नळी माझ्यासाठी, हलकी माझ्यासाठी, रविवारी गवतात लोळवलं ते माझ्यासाठी. ज्या ज्या गोष्टीवरून ती राहणार असं मी धरून चाललो होतो, ती प्रत्येक गोष्ट ट्रिना जाणार म्हणूनच होती. मला इतकं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी तिचा इतका अभिमान वाटला, की दोन्हींपैकी कशाला आधी जागा द्यावी ते कळेना.

नेव्हिल परत आला. मी अजून तसाच उभा होतो. समोर हरणाचं मुंडकं होतं, निदान असायला हवं होतं. दुर्बिणीत नुसतं पांढुरकं, हलणारं काहीतरी दिसत होतं.

‘धूसर दिसतंय का?’ नेव्हिलने विचारलं. ‘पुढची ती कडी फिरव जरा.’

‘दुर्बिणीला काही झालेलं नाही,’ मी म्हणालो, आणि रायफल खाली न घेता तसाच उभा राहिलो.