रमाकांतांचं घरचं उदाहरण

खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी अभ्यासवर्ग भरतो. निवृत्त शिक्षक मुकुंदराव श्लोकाचा अर्थ सांगतात आणि ज्याची पाळी असेल त्याने उदाहरण द्यायचं. पुराणातलं चालत नाही, घरचंच लागतं. हा नियमच नडला हो रमाकांतांना!

मागच्या गुरुवारी कर्मयोगाचा अध्याय होता. फळाची आशा न धरता कर्तव्य करावं, यावर रमाकांतांना घरचं काही सुचेना. जन्मभर भोपाळला नोकरी केली, तीही बढतीवर डोळा ठेवून. मग तोंडातून निघून गेलं, "वडील चार वर्षं अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं, जखमा धुतल्या." बायकांनी डोळे पुसले. खरं तर ते सगळं त्यांच्या थोरल्या बहिणीने, दुर्गाताईंनी, इथल्याच हजीरा भागातल्या घरात केलं होतं. हे महाशय दिवाळीला यायचे आणि दारातूनच विचारायचे, "बाबा, बरे आहात ना?"

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. आणि या गुरुवारी बघतात तर काय, वर्गातल्या शांताताई खुद्द दुर्गाताईंनाच घेऊन आलेल्या! "असा सेवाभावी भाऊ नशिबाने मिळतो हं," त्या ताईंना सांगत होत्या. ताई नुसत्या ऐकत होत्या.

रमाकांतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले. "मी खोटं बोललो. बाबांचं सगळं ताईने केलं. मी काही केलं नाही."

मुकुंदराव वर्गाकडे वळले. "पाहिलंत? सेवा केली, आणि आज तिचं श्रेयही सोडलं! याला म्हणतात अभ्यास."

"काका, आप तो सच में महान हो!" मागून कॉलेजातली गरिमा म्हणाली.

"अहो, देवाशपथ खरं सांगतोय!" रमाकांत कळवळले, तर शांताताईंनी चक्क हात जोडले. जितकं नाही म्हणावं तितका यांचा मोठेपणा वाढत चालला. आता काय करावं माणसाने?

ते ताईंपाशी जाऊन बसले. "ताई, तू तरी सांग ना यांना. तुझं ऐकतील."

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "बाबांचं चार वर्षं मीच केलं, रमा. आता तुझं हेही मीच करायचं का?" आणि पिशवी उचलून त्या बाहेर पडल्या.

रमाकांत पुन्हा उभे राहिले.

"एकदा बाबांनी माझ्याकडे पाणी मागितलं," ते म्हणाले. "तांब्या माझ्या हाताशी होता. पण खोलीत वास येत होता. मी दारातूनच ताईला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी धावत आली. बाबा माझ्याकडेच बघत होते."

शांताताईंचे जोडलेले हात हळूच खाली आले.